पोचपावती

जानेवारी लागला, मानशीचं दार वर घेऊन
शापोऱ्याचं पाणी आगरात सोडलं,
की एका सकाळी सोयरू पोळजी टपालघरात येतो.
पायांवर वाळलेला चिखल, पांढरट, भेगाळलेला.
चपला तो घालत नाही.

'बाये, कागद काढ.'
तो मराठीत सांगतो, मी हिंदीत उतरवते.
सव्वीस वर्षं मजकूर तोच :
आम्ही सहा जण. अमुक कंपनी, अमुक महिने.
छातीवर लावलेल्या फिल्मच्या पट्ट्या
शेवटच्या दिवशी मोजून परत केल्या.
त्यांवर काय आकडा उमटला
तो कळवावा, ही विनंती.

काम कसलं, ते लिहायचं नाही.
जागेचं नावही नाही. सही केलेली आहे.
मी एकदाच विचारलं होतं.
'वाळू काढली,' म्हणाला,
आणि बऱ्याच वेळाने, बाहेर पायरीवरून :
'स्फोट झाला तेव्हा आम्ही नव्हतोच. आम्ही मागाहून.
बोटभर थर, फावड्याने नाही, झाडूने.
पिंपात भरायचा, पिंप पुरायचं.
आगरातही मी बोटभरच काढतो की.
हे लोक खातात, एवढंच.'

बूटसुद्धा पुरले म्हणे.
टोप्या, मोजे, महाडेश्वरच्या बहिणीने विणलेला स्वेटर.
नवे बूट मिळाले ते दोन बोटं मोठे,
पेडण्याच्या बसस्टँडवर काढून ठेवले,
ते तिथेच राहिले.

अर्जाखालची नावं मात्र तो स्वतः लिहितो,
जिभेचं टोक दातांत धरून.
पहिल्या वर्षी सहाच्या सहा नुसती नावं.
चौथ्या वर्षी इनास कुलासोच्या आधी
एक अक्षर आलं आणि एक टिंब : कै.
मग मुजावर. मग एकाच पावसाळ्यात दोघे.
महाडेश्वरचं लिहिताना पेन अडलं,
मी दुसरं दिलं,
तर म्हणाला, शाई आहे, हात थांबलाय.

उत्तर येत नाही. पोचपावती येते.
गुलाबी कार्ड, गोल शिक्का, कुणाची तरी घाईची सही.
मीच नेऊन देते घरी.
माजघरात तारेच्या आकड्यात
त्याने त्या ओळीने टोचून ठेवल्या आहेत,
खालच्या आता विटून पांढऱ्या.

डिसेंबरात पंचायतीने सत्कार केला माजी सैनिकांचा.
शाल, नारळ, चहा-शेव.
माइकवाल्या मुलाने विचारलं, काका, कुठल्या लढाईत होता?
'लढाई नाय. झाडलोट.'
सभागृह हसलं. तोही हसला.
मी तिसऱ्या रांगेत होते, उठायला हवं होतं मी,
सांगायला हवं होतं काहीतरी,
पण काय सांगणार?
नावं मला पाठ आहेत, जागा ठाऊक नाही,
आणि आकडा तर कुणालाच नाही.

आज त्याने पाच वेळा कै. लिहिलं.
सहावं नाव लिहून झाल्यावर
त्याच्या आधी करंगळीएवढी जागा सोडलेली दिसली.
'इथलं तू लिहिशील ना मागाहून?
अर्ज थांबवू नको.'
मी पाकीट तोललं, वीस ग्रॅमच्या आत.
तिकीट लावलं, ठसा मारला,
शाई जरा जास्तच लागली.

मग दरवर्षीसारखी त्याने मिठाची पिशवी पुढे ठेवली,
नव्या हंगामाचं पहिलं, अजून ओलसर.
का कोण जाणे, मी ती तराजूवर ठेवली.
आकडा वर-खाली झाला, ठरला.
मी तो मोठ्याने वाचला, त्याच्याकडे बघत :
आठशे चाळीस.

तो उभा राहिला होता. कधी, ते कळलं नाही.
टाचा जुळलेल्या, चिखलाच्या.
'पिशवीचे वजा कर,' म्हणाला.